वाचकांचे प्रश्न : मोबाईल, नववीतला मुलगा आणि नाटकाची तालीम

प्रश्न : माझा मुलगा नववीत शिकतो. यजमान चादरीच्या कारखान्यात पाळीने जातात आणि मी घरी शिवणकाम करते. शाळेतून आल्यापासून रात्री साडेअकरापर्यंत त्याच्या हातातला मोबाईल सुटत नाही. काढून घेतला तर तो न जेवता दार लावून झोपतो. त्याच्या शाळेतील एका बाईंनी त्याला नाटकाच्या वर्गाला पाठवण्यास सुचवले आहे. याने मोबाईलचे व्यसन कमी होते का, की अभ्यासाचा वेळ तेवढा जातो? आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आपले मराठी उच्चार चांगले नाहीत, याची त्याला लाज वाटते.
— एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, ‘व्यसन’ हा शब्द आपण तूर्त बाजूला ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे, मात्र स्मार्टफोनचे व्यसन असा स्वतंत्र आजार त्यात नाही. गेमिंगच्या बाबतीतही खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे आणि हे सारे साधारणपणे वर्षभर टिकणे, एवढे पाहिल्याशिवाय डॉक्टर तसे निदान करीत नाहीत. आपला मुलगा शाळेत जातो आहे, ही जमेची बाजू आहे. त्याने शाळा सोडली, रात्रीची झोप पार उडाली, मारहाण किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा सुरू झाली, तर मात्र नाटकाच्या वर्गाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आता नाटकाविषयी. नाटक म्हणजे औषध नव्हे. पण मोबाईल मुलाला जे देतो त्यातील बरेचसे तालमीत मिळते, आणि ते समोरच्या माणसांकडून मिळते. पुढच्या क्षणी काय दिसेल हे ठाऊक नसल्यामुळे बोट पडद्यावर सरकत राहते. तीच उत्सुकता उत्स्फूर्त प्रवेशातही असते, कारण समोरचा काय बोलेल हे कोणालाच माहीत नसते. फरक इतकाच की पडद्यावर चित्र आपल्यासाठी थांबत नाही, आणि तालमीत मात्र आपले वाक्य येईपर्यंत दहा जण थांबून राहतात. ज्याचे लक्ष उडाले त्याची एन्ट्री चुकते, सगळे हसतात, प्रवेश पुन्हा सुरू होतो आणि काही बिघडत नाही. चारचौघांत चुकण्याचा हा सराव या वयात फार मोलाचा असतो, कारण लोकांपुढे फजिती होईल या धास्तीनेही पुष्कळ मुले पडद्याआड जाऊन बसतात.

मी मुलांच्या तालमी घेतो तेव्हा भूमिकांची अदलाबदल हमखास करवून घेतो. मानसोपचारात ही रीत याकोब मोरेनो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजवली. एकदा एका मुलाला त्याच्याच आईची भूमिका दिली आणि त्याची भूमिका एका मुलीला. ‘आई’ने तीनदा जेवायला हाक मारली, मुलगी मान वर न करता तिन्ही वेळा ‘आलो, आलो’ म्हणाली, आणि तिसऱ्या हाकेनंतर तो मुलगा भूमिका सोडून माझ्याकडे वळला व म्हणाला, “सर, आता काय म्हणायचं?” त्याला उत्तर सुचत नव्हते. मग त्या मुलीने खुलासा केला की मोबाईलवरच्या खेळातला चालू डाव मध्येच सोडला तर आपल्या बाजूचे चौघे हरतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणी खावी लागतात. मलाही हे तोवर माहीत नव्हते. त्या मुलाच्या घरी पुढे एवढाच बदल झाला, की आई डाव सुरू होण्याआधी सांगू लागली, ‘हा शेवटचा, मग ताट वाढते.’ भांडणे थांबली नाहीत, पण जेवणाच्या वेळची थांबली.

वर्ग निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. उन्हाळ्यातले दहा दिवसांचे शिबिर संपले, प्रयोग झाला, टाळ्या मिळाल्या, की त्यानंतरच्या रिकाम्या आठवड्यात मोबाईल दुप्पट जोराने परत येतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, दीड-दोन तास, वर्षभर भरणारा गट बरा. दुसरे म्हणजे तिथे सर्वांचे फोन डब्यात जातात का आणि त्यात शिकवणाऱ्याचाही असतो का, हे विचारावे. तालमीचे चित्रीकरण करून पालकांच्या ग्रुपवर टाकणारे वर्ग टाळावेत. कॅमेरा सुरू झाला की मुले समोरच्या मित्राशी बोलायचे सोडून भिंगाशी बोलू लागतात.

उच्चारांची लाज त्याने बाळगू नये. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बोळात ऐकू येणाऱ्या आपल्या शहरात भाजीवाल्याशी घासाघीस करण्याचा प्रवेश त्याने तेलुगूत केला, तर सोलापूरकर प्रेक्षकांना तो अधिक खरा वाटेल. अभ्यासाचे म्हणाल, तर आठवड्याचे चार तास जातील हे खरे आहे. पण ते बहुतेक मोबाईलच्या खात्यातून जातात. रात्री चार्जर मात्र झोपायच्या खोलीबाहेर ठेवावा, तुमचाही. पहिले दोन-तीन आठवडे तो चिडचिड करील, तेवढ्यावरून वर्ग बंद करू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ या विषयावर पथनाट्य बसवायचे आहे. संहिता कशी असावी?
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : शक्य असेल तर हे पथनाट्य बसवूच नये. मुले ‘मोबाईल सोडा’ अशा घोषणा खणखणीत देतात, आणि खाली उतरल्यावर त्याच घोषणांच्या व्हिडिओला किती लाईक आले ते मोजत बसतात. मोठ्यांना जे ऐकायचे असते ते सफाईने म्हणून दाखवायला मुले लवकर शिकतात. त्याला नाटक म्हणणे कठीण आहे.

त्याऐवजी नाट्यछटा करवून घ्याव्यात. दिवाकरांनी मराठीत रुजवलेल्या या प्रकारात एकच पात्र बोलते आणि समोरच्याचे बोलणे आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखतो. कानाला फोन लावलेल्या माणसाचे बोलणे आपण नेमके असेच ऐकतो, त्यामुळे मुलांना हा घाट समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येकाने आपल्याला परिचित असलेले एक फोनवरचे बोलणे लिहावे : गावाकडच्या आजीशी, रुसलेल्या मैत्रिणीशी, किंवा पाळीवरून अजून न परतलेल्या वडिलांशी. तीन-चार मिनिटे पुरेत. पलीकडे कोण होते आणि काय म्हणाले, हे नंतर वर्गाने सांगावे. उत्तरे वेगवेगळी आली तर लिहिणाऱ्याने वाक्ये दुरुस्त करावीत. रंगमंचावर खरा फोन आणू नये, कानाशी धरलेला रिकामा हात पुरतो.