‘श्रेक’चा पाचवा भाग इतक्या वर्षांनी येतोय. थकलेली मालिका अशी पुन्हा उभी राहते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: २०१० नंतर थेट २०२७ मध्ये येणाऱ्या ‘श्रेक’मुळे या ॲनिमेशनपटांच्या मालिकेत पुन्हा जीव येईल का, आणि तोवर मुलांना आधीचे चारही भाग दाखवून ठेवावेत का. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पहिले दोन नक्की दाखवा, तिसरा वगळला तरी काही अडत नाही, चौथा एखाद्या पावसाळी रविवारी चालून जाईल. पहिल्याचं उत्तर मात्र श्रेकच्या मित्राने, त्या बूटवाल्या बोक्याने, २०२२ मध्येच देऊन ठेवलंय.

मी नाशिकला गंगापूर रोडला मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतो. त्यामुळे ॲनिमेशनपट बघणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे, असं निदान घरी तरी सांगतो.

आधी मालिका थकली कशी ते बघू. २००१ चा पहिला ‘श्रेक’ म्हणजे परीकथांची केलेली उघड टवाळी. राजकन्येला सोडवायला राजपुत्राऐवजी दलदलीत राहणारा, कानातला मळ काढून मेणबत्ती लावणारा राक्षस जातो. ही टवाळी ताजी होती, शिवाय तिला धार होती. डिस्नेतून बाहेर पडलेले जेफ्री कॅट्झेनबर्ग ‘श्रेक’ बनवणाऱ्या ड्रीमवर्क्सच्या संस्थापकांपैकी एक, त्यामुळे टोमणे कुणाला आहेत हे सगळ्यांना कळत होतं. ॲनिमेशनपटांसाठी ऑस्करचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तेव्हा त्यातला पहिलाच पुरस्कार याला मिळाला. २००४ च्या दुसऱ्या भागाने जगभरात सुमारे ९३ कोटी डॉलर कमावले. बोका आला तोही याच भागात.

पण टवाळीचा एक घोळ असतो. ज्याची खिल्ली उडवायची, त्याच्याच जागी आपण जाऊन बसलो की खिल्ली उडवणार कुणाची? तिसऱ्या भागापर्यंत (२००७) श्रेकच दुकानातलं खेळणं झाला होता. गोष्टीत त्याला राजा व्हायचं नव्हतं आणि बाप व्हायची भीती वाटत होती. विषय चांगला होता, पण विनोद सगळे जुन्या साच्यातले. चौथ्यात (२०१०) तर तो स्वतःच संसाराला कंटाळलेला दाखवलाय. कंटाळा कथेत होता की लिहिणाऱ्यांच्या टेबलावर, कोण जाणे! अमेरिकेत दुसऱ्या भागाने ४४ कोटी डॉलर गोळा केले होते, चौथ्याने जेमतेम २४. जगभरची बेरीज अजून ७५ कोटींच्या घरात होती, त्यामुळे याला कुणी आपटलेला सिनेमा म्हणणार नाही. पण लोक सवयीने जात होते.

२०११ मध्ये बोक्याला स्वतःचा सिनेमा मिळाला. ठीकठाक होता. मग अकरा वर्षं मोठ्या पडद्यावर काही नाही. मधल्या काळात, २०१६ मध्ये, ड्रीमवर्क्स ॲनिमेशनच कॉमकास्टच्या एनबीसीयुनिव्हर्सलने ३८० कोटी डॉलरना विकत घेतलं. अशा वेळी येणाऱ्या पुढच्या भागाकडून कुणी काय अपेक्षा करणार? नव्या मालकाने जुनं कपाट उघडलं, एवढीच.

आणि मग २०२२ मध्ये बोक्याचा दुसरा सिनेमा, ‘द लास्ट विश’ आला. मांजराला नऊ जन्म असतात ही इंग्रजी समजूत घेऊन लिहिणाऱ्यांनी साधा हिशेब केला: हा बोका इतकी वर्षं तलवार फिरवत मरणाशी खेळतोय, म्हणजे त्याचे आठ जन्म खर्ची पडले असणार. उरला एक. दारूच्या गुत्त्यात एक लांडगा शेजारी येऊन बसतो. बोक्याला तो इनाम मिळवायला आलेला शिकारी वाटतो, पण तो असतो साक्षात मृत्यू. एकाच झटापटीत बोक्याच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ येतो. कुणीही आपल्याला कधी स्पर्श केला नाही अशी फुशारकी मारणारा हा गडी तलवार टाकून पळतो, एका म्हातारीकडे पाळीव मांजर बनून राहतो, दाढी वाढवतो आणि वाडग्यात ठेवलेलं खातो.

मला हे विलक्षण वाटलं. अकरा वर्षं हा मोठ्या पडद्यावर नव्हता, आणि पटकथेने ती दडवली नाहीत. प्रेक्षकाच्या मनात जे होतं (‘अजून आहे होय हा?’) तेच बोक्याच्या तोंडावर फेकलं. पुढे इच्छा पूर्ण करणाऱ्या ताऱ्याचा शोध आहे, गोल्डीलॉक्स आणि तीन अस्वलांची चोरटोळी आहे, जॅक हॉर्नर नावाचा अंतर्बाह्य दुष्ट माणूस आहे, आणि जंगलात बोक्याला धाप लागून छाती धडधडते तेव्हा काहीही न विचारता त्याच्या पोटावर डोकं टेकवणारं एक कुत्रं आहे. मुलांच्या सिनेमात भीतीचा झटका इतक्या सरळपणे दाखवलेला मी तरी आधी पाहिला नव्हता. शेवटी बोका मृत्यूला हरवतही नाही. एकच जन्म उरलाय हे तो मान्य करतो, गुर्मी गेल्यावर लांडग्याचा रस संपतो आणि तो वैतागून निघून जातो.

चित्रांबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. जुन्या श्रेकचा अभिमान होता खरा वाटणारा चिखल आणि खरी वाटणारी लव. २०२२ पर्यंत ते कुणालाही जमू लागलं होतं. या सिनेमात लव सोडून कुंचल्याचे फटकारे आले, पार्श्वभूमी गोष्टीच्या पुस्तकातल्या रंगवलेल्या पानांसारखी झाली. मारामारीत तर मुद्दाम चित्रं कमी केली आहेत. सेकंदाला चोवीस चौकटी असतात, तिथे एकेक पोज दोन-दोन चौकटी धरून ठेवली, त्यामुळे प्रत्येक उडी ठसठशीत दिसते. २०१८ च्या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनपटाने ही वाट खुली केली होती, पण परीकथेला ती जास्त शोभते असं माझं मत. वर्गातली मुलं यानंतर मांजराचे केस एकेक करून काढायची थांबली, हा माझा खाजगी फायदा.

आता पैशांचं. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी अंदाजे सव्वा कोटी डॉलरच आले. पाचच दिवस आधी ‘अवतार’चा दुसरा भाग लागलेला, कोण बघणार बोका? पण लोकांनी एकमेकांना सांगितलं, आणि शेवटी तिथलाच आकडा साडेअठरा कोटींच्या पुढे गेला. जगभरात ४८ कोटी. म्हणजे २०११ च्या बोक्यापेक्षा कमीच, त्याने ५५ केले होते. तरी मालिका जिवंत झाली ती या कमी कमावणाऱ्या सिनेमाने. कारण हा बघून बाहेर पडणारा माणूस ‘पुढे काय?’ विचारत होता. शेवटच्या दृश्यात जहाज श्रेकच्या राज्याकडे निघतं, तेव्हा त्या उल्लेखाला टाळी पडली. २०१० मध्ये त्याच नावाला जांभई आली असती.

मधली वर्षं गोष्टीत मान्य केली की मालिका उभी राहते, असं मी म्हणतोय; याला उलट उदाहरणंही आहेत, लपवत नाही. ‘इन्क्रेडिबल्स’चा दुसरा भाग चौदा वर्षांनी आला, पहिला संपला त्याच क्षणी सुरू झाला, मधली वर्षं साफ विसरला, आणि शंभर कोटींच्या वर कमावले. पण ती मालिका दमलेली नव्हती, एकच भाग झाला होता आणि लोक भुकेले होते. ‘आइस एज’ने दर तीन-चार वर्षांनी हजेरी लावली, पाचव्या भागाला (२०१६) अमेरिकेत साडेसहा कोटीही धड जमले नाहीत.

नाशिककर म्हणून फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने गर्दी खेचली होती. वीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेच पौराणिक भांडार उघडून त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा ठरला. आदल्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला होता. गोष्ट तीही सगळ्यांना पाठ, पण सांगण्याची रीत नव्या काळातली. ओळखीची कथा कधी अडसर नसते, आपल्याकडे तर रामाची गोष्ट पंचवटीत रोज कुणीतरी नव्याने सांगत असतं.

तर पाचवा श्रेक. २०२५ च्या फेब्रुवारीत छोटी झलक आली, चेहरे बदललेले पाहून लोकांनी गदारोळ केला. प्रदर्शन २०२६ वरून आता २०२७ च्या जूनवर ढकललंय. चेहऱ्यांची मला फारशी चिंता नाही, डोळ्याला सवय होते. त्या झलकेतली माझ्या कामाची गोष्ट एकच: श्रेकची मुलगी आता मोठी झालीय, तिला अभिनेत्री झेंडायाचा आवाज आहे, आणि ती बापाचे इंटरनेटवरचे मीम बघतेय. म्हणजे मधली वर्षं गोष्टीत मोजली जाणार असं दिसतंय. ज्या बापाने जगाची टर उडवली त्याची टर घरातच उडते, यावर सिनेमा उभा केला तर मी पहिल्या दिवशी रांगेत असेन. नुसते जुने विनोद आणि जुनी गाणी परत वाजवली, तर पैसे येतील, पण सहाव्या भागाची वाट कुणी बघणार नाही. माझा कौल सध्या साठ-चाळीस, श्रेकच्या बाजूने.

मुलांना दाखवताना क्रम असा ठेवा: पहिला, दुसरा, मग थेट ‘द लास्ट विश’. मधलं काही बघितलं नाही म्हणून त्यात काही कळायचं राहत नाही. मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर लांडगा शीळ घालतो त्या प्रसंगांना शेजारी बसा, आणि झोपायच्या आधी दाखवू नका.