व्हर्च्युअल एसबीसीवर कॉल किती बसतील?

प्रश्न: आमचा सेशन बॉर्डर कंट्रोलर (एसबीसी, म्हणजे नेटवर्कच्या सीमेवर इंटरनेट कॉल सांभाळणारी यंत्रणा) आता व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर टाकतोय. १००० कॉल एका वेळी चालायला हवेत. लिंकला बँडविड्थ भरपूर आहे, मग काळजी नको ना?

उत्तर: काळजी बँडविड्थची नाहीच, पॅकेटांची करा. जी.७११ मध्ये (आवाज डिजिटल करायची एक पद्धत, म्हणजे कोडेक) २० मिलिसेकंदाचं पॅकेट धरलं तर एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट, आणि मीडिया, म्हणजे कॉलचा आवाज, एसबीसीतूनच जात असेल तर दोन्ही बाजू मिळून एका कॉलची १०० आत येतात नि १०० बाहेर जातात, म्हणजे १००० कॉलला १ लाख आत, १ लाख बाहेर! पॅकेटं छोटी, पण प्रत्येकामागे सीपीयू राबतो, आणि त्याच होस्टवर दुसऱ्या व्हीएम कोअर ओढत असतील तर कॉल लागतो पण आवाज तुटतो, आणि मग सगळे नेटवर्कवाल्याला शिव्या घालतात. म्हणून कोअर राखीव ठेवा, जमलं तर एसआर-आयओव्ही (व्हीएमला नेटवर्क कार्ड जवळजवळ थेट वापरू देणारी सोय) वापरा. ट्रान्सकोडिंग (आवाज एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलणं) असेल तर हा हिशोब विसरा, ते वेगळंच मोजावं लागतं, एसआरटीपीचंही (आवाजाची पॅकेटं एन्क्रिप्ट करणं) तसंच.

सेकंदाला नवे कॉल किती तेही बघा: सरासरी कॉल १८० सेकंदांचा असेल तर साधारण ५ ते ६. पण लिंक पडून परत आली की सगळे फोन एकदम रजिस्टर व्हायला धावतात, टेस्ट त्याचीही घ्या.