ऑटिझम असलेल्या पोराला सांभाळायच्या, शिकवायच्या कामाला नवीन लागलीस ना, मग हे वाच
अगं, पहिला आठवडा काही शिकवायला जाऊ नको, नुसतं शेजारी बसून बघ पोरगा कशानं बिथरतोय. माझ्याकडचा पोरगा १७ वर्षांचा, बेळगावच्या खडेबाजारात हॉर्न वाजला की कान दाबून रस्त्यातच बसायचा, मग आम्ही गर्दी व्हायच्या आत जायला लागलो आणि आधी घरी फोटो दाखवायचे, रिक्षा, दुकान, बिस्कीट, परत घर. पुढं काय होणार ते कळलं की निम्मी भीती जाते बघ. घरी मराठी, शाळेत कन्नड, त्यात आपण इंग्लिश कशाला घुसडायचं? तो पाण्याला 'नीरू' म्हणत असेल तर तूही नीरूच म्हण की. प्रश्न विचारलास की मनात १० आकडे मोज, लगेच परत विचारू नको. डोळ्यात बघ म्हणून तर मागं लागूच नको. आणि हो, त्याच्या आईला यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढलंय का विचार, दिव्यांगांसाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्याचंही सांग, उपचाराच्या खर्चाचे वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात.