बारावीनंतर थेट एमए? एडिनबरोच्या ऑफरबद्दल

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेकीला बारावीनंतर एडिनबरो युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सची ऑफर आलीये, त्यावर 'एमए ऑनर्स, चार वर्षं' असं लिहिलंय आणि नातेवाईक म्हणतायत बीए न करता एमए कसं, काहीतरी गडबड आहे. त्यात तिथे पैशांची टंचाई चाललीये असं वाचल्यापासून तिच्या बाबांना झोप नाही.

गडबड काही नाही हो. स्कॉटलंडच्या जुन्या युनिव्हर्सिट्यांमध्ये आर्ट्सच्या पहिल्याच डिग्रीला एमए म्हणतात, फार जुनी रीत आहे. पण धरायचं ते ग्रॅज्युएशनच, आपल्याकडचं एमए नव्हे, हे घरात आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा. पहिली दोन वर्षं इकॉनॉमिक्सच्या जोडीला इतिहास, फिलॉसॉफी असं काहीही घेता येतं, क्लास बहुतेक करून शेवटच्या दोन वर्षांच्या मार्कांवर ठरतो. आणि पहिल्या सेमिस्टरला ६२ मार्क आले तर फोनवर तिला बोलू नका, तिथे ४० ला पास आणि ७० ला फर्स्ट क्लास, ६२ म्हणजे पोरीने छान केलंय.

आता पैशाचं. १५८३ पासून चालू असलेली युनिव्हर्सिटी बंद पडेल असं मला अजिबात वाटत नाही, पण २०२५ मध्ये त्यांनी १४ कोटी पौंडांची बचत करायची ठरवली हे खरंय. तिथल्या स्कॉटिश मुलांची फी सरकार भरतं, वर्षाला १८२० पौंड, वरून अनुदान देतं, तरी शिकवायचा खर्च सगळा निघत नाही, मग भर पडते ती बाहेरच्या मुलांच्या फीमधून. म्हणजे तुमच्या लेकीसारख्यांच्याच. म्हणून संकोच न करता विचारा, तुमचा हक्क आहे तो. काटकसरीत मास्तर कमी होतात, ऑप्शनल विषय बंद होतात, आणि प्राध्यापक-व्यवस्थापनाचं भांडण चिघळलं की मुलं भरडली जातात. २०२३ मध्ये पगारावरून प्राध्यापकांनी पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला तेव्हा तिथल्या कितीतरी मुलांना पदवीदान झालं तरी क्लास कळलेला नव्हता, मला त्या मुलांचं फार वाईट वाटलं होतं.

तेव्हा लेकीलाच डिपार्टमेंटला मेल करू दे, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे कुठले विषय आत्ता खरंच चालू आहेत, ट्यूटोरियलला, म्हणजे छोट्या गटाच्या तासाला, एका ग्रुपमध्ये किती मुलं असतात, फी दरवर्षी वाढणार का. हिशोब चारही वर्षांचा करा, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळा आधीच भरावा लागतो. शिवाय शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारा व्हिसा तिच्या वेळी दीडच वर्षाचा असेल, त्यामुळे 'तिथे कमवून लोन फेडेल' यावर घर गहाण टाकू नका, प्लीज.

उत्तर आलं की मला पाठवा, आपण तिघं बसून बघू. तोवर बँकेच्या कागदांवर सही नको.