बंदिशीतली मुद्रा आणि फाइलवरचं नाव

लश्कर, ग्वाल्हेर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला यमन राग दोनदा ऐकला. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) मिळून 38 मिनिटांची एकच सलग फाइल, आणि तिचं नाव ‘यमन फायनल टू’. गाण्याविषयी समोर तानपुरा घेऊन बोलू. आज लिहितोय ते या नावाविषयी, आणि तुझ्या प्रश्नाविषयी: सगळंच फुकट डाउनलोड होत असताना आपलं गाणं ऑनलाइन टाकावं का?

टाकावं. पण तुला जी भीती वाटते ती चुकीच्या जागी आहे. उद्या कुणी यूट्यूबवरून तुझा यमन एमपी3 करून चार शिष्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर या वयात तुझं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते गाणं तुझ्या नावाशिवाय फिरायला लागलं की, किंवा त्याच्या मालकीच्या रकान्यात दुसऱ्याचंच नाव बसलं की. ते निस्तरायला वर्षं जातात.

आपल्या वाग्गेयकारांना, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही बांधणाऱ्यांना, हे पक्कं ठाऊक होतं. नियामत खाँनी बंदिशीत ‘सदारंग’ ओवलं, भातखंड्यांनी ‘चतुर’ ठेवलं. बंदिश कुठल्याही घराण्यात गेली तरी ही मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं बंदिशीतलं नाव, तिच्याबरोबर जाते. 1902 मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गायिका गौहरजान गाणं संपता संपता इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगायच्या, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि लेबल कुणाचं लावायचं ते तिथल्या लोकांना कळायला हवं होतं. तुझ्या फाइलीबरोबर जी माहिती भरायची, ज्याला सगळे मेटाडेटा म्हणतात, ती हीच मुद्रा.

आधी पैशाचा हिशेब समजून घे. 1999 मध्ये इंटरनेटवर गाण्याच्या फाइली एकमेकांना देणारं नॅपस्टर आलं आणि गाणं फुकट मिळतं ही सवय जगाला लागली. रेकॉर्ड कंपन्यांनी खटले भरून नॅपस्टर बंद पाडलं, सवय मात्र गेली नाही. ती मोडली स्ट्रीमिंगनं, म्हणजे फाइल न उतरवता थेट ऐकण्यानं, कारण चोरून डाउनलोड करण्यापेक्षा अ‍ॅप उघडणं सोपं झालं. 2024 मध्ये जगभरच्या ध्वनिमुद्रित संगीताची कमाई 29.6 अब्ज डॉलर होती आणि त्यातली 69 टक्के स्ट्रीमिंगची. पैसा परत आला, पण तो वाटण्याची रीत बदलली. एका ऐकण्याला ठरलेला असा दर नसतो. महिन्याची वर्गणी आणि जाहिराती यांची एक थैली होते, सेवा आपला वाटा काढून घेते आणि उरलेली थैली एकूण ऐकण्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे विभागली जाते. आपल्याकडे वर्गणी कमी आणि फुकट ऐकणारे जास्त, म्हणून थैलीच लहान. समज, एका ऐकण्याचे दहा पैसे धरले, तर हजार ऐकण्यांचे शंभर रुपये. यावर घर चालेल असं धरून चालू नकोस. स्ट्रीमिंगनं तुझं नाव शोधणाऱ्याला सापडावं, आणि त्यातून बैठक, शिकवणी, कार्यक्रम यावेत, हा त्याचा खरा उपयोग.

दोन नियम तुझ्या फाइलीला थेट लागू होतात. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकणं मोजतात, आणि 2024 पासून एखाद्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत निदान 1,000 ऐकणी नसतील तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. शिवाय तीन मिनिटांचं फिल्मी गाणं आणि तुझा 38 मिनिटांचा ख्याल, दोन्ही मोजणीत एकेकच. हा आपल्या संगीतावर सरळ अन्याय आहे आणि तो मला पटत नाही. तरीही फाइल तोडावी लागेल: विलंबित वेगळा ट्रॅक, द्रुत वेगळा. त्यापेक्षा जास्त तुकडे करू नकोस. बढतीच्या, म्हणजे राग उलगडण्याच्या, मध्येच कापलेला विलंबित ऐकवत नाही.

कुठे कापायचं तेही सांगतो. तुझ्या ध्वनिमुद्रणात विलंबिताच्या शेवटच्या समेनंतर तबला थांबतो आणि द्रुताचा मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, उचलण्याआधी चारेक सेकंद नुसता तानपुरा आहे. काप तिथे घे. एडिटरमध्ये ती जागा इतकी मोठी करून बघ की आवाजाची लाट वेगळी दिसेल, आणि ती शून्यरेषेला छेदते नेमक्या त्या बिंदूवर कात्री लाव. इकडेतिकडे कापलंस तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. फेड, म्हणजे आवाज हळूहळू विरवणं, देऊ नकोस. तानपुरा दोन्हीकडे सलग राहिला की अल्बम ओळीनं ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. फाइल 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह दे. एमपी3 करताना आगेमागे किंचित शांतता चिकटते आणि त्या सांध्यावर तानपुरा तुटतो. सुरुवातीचा नुसता तानपुरा सध्या 50 सेकंदांचा आहे, तो आठ-दहावर आण. बैठकीत तो हवाच असतो, पण इथे ऐकणारा तेवढ्या वेळात पुढच्या गाण्यावर गेलेला असतो.

स्टुडिओवाल्यानं आवाज ‘मोठा करून’ दिलाय, त्याला परत करायला सांग. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे 14 लफ्सच्या (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणतं. तुझी फाइल उणे 9 वर असेल तर ते फक्त खाली ओढतं, पण दाबून सपाट झालेली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, काही परत येत नाही. उणे 16 ते 18 वर ठेव, शिखर उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. एवढी जागा ख्यालाला पुरते.

आता माहितीचा फॉर्म, जो गाणं सेवांवर पोचवणारा वितरक भरून घेतो. लोक इथे पाच मिनिटं घालवतात आणि पाच वर्षं भोगतात. तुझं नाव रोमन लिपीत एकदा ठरव आणि प्रत्येक ठिकाणी अक्षरन् अक्षर तेच लिही. आपल्या मराठी आडनावांची स्पेलिंगं घरातल्या घरात तीन निघतात. एक अक्षर बदललं की सेवेवर तुझी दोन पानं तयार होतात आणि अर्धे श्रोते एका गायिकेला, अर्धे दुसरीला. ट्रॅकच्या शीर्षकात राग, लय, ताल आणि बंदिशीचा मुखडा, चारही घाल. नुसतं ‘राग यमन’ लिहिलंस तर तसल्या हजारोंत हरवशील. वर्णनात ग्वाल्हेर घराणं जरूर लिही. 2023 मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिल्यापासून हा शब्द परदेशातलेही शोधतात. तबला आणि संवादिनीची साथ करणाऱ्यांची नावं वादक म्हणून त्यांच्या रकान्यात घाल, शीर्षकात कोंबू नकोस. पी-लाइनमध्ये ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं नाव आणि वर्ष जातं. खर्च तू केलास, तर तिथे तुझं नाव. स्टुडिओचं नाव चुकूनही नको.

संगीतकाराच्या रकान्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सदारंगांची बंदिश असेल तर ‘पारंपरिक’ लिही, तुझं नाव लिहू नकोस. भातखंड्यांच्या रचना कॉपीराइटमधून केव्हाच मुक्त झाल्या आहेत, तरी त्यांचं नाव द्यायचंच. पण आपल्या ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित 1989 मध्ये गेले. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या जानेवारीपासून 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांची स्वतःची रचना असेल तर 2049 च्या अखेरपर्यंत वारसांची परवानगी हवी. गुरुजींनी शिकवलेली प्रत्येक चीज पारंपरिकच असते असं समजू नकोस. त्यांना विचार, आणि चीज त्यांची असेल तर दोन ओळींची संमती लिहून घे.

फॉर्ममध्ये यूट्यूबच्या कंटेंट आयडीची एक चौकट येईल. तिच्यावर टिक करू नकोस. ही यंत्रणा आवाजाचा ठसा घेऊन तो जिथे जिथे सापडेल तिथे तुझ्या नावानं दावा लावते, आणि त्यासाठी फाइलमधला प्रत्येक आवाज फक्त तुझाच असावा लागतो. तुझा तानपुरा अ‍ॅपमधला आहे. तोच तानपुरा शेकडो गायक वापरतात. तू टिक केलीस तर त्यांच्या रियाजावर तुझे दावे जातील, आणि कुणी आधीच केली असेल तर त्याचा दावा तुझ्यावर येईल. तसा आला तर घाबरू नकोस. दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर लागणारा ठपका, नव्हे. पाच दिवसांच्या आत हरकत नोंदव, म्हणजे त्या काळातली कमाई बाजूला राखून ठेवतात. समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात. हरकतीत रागावून काही लिहायचं नाही. बंदिश पारंपरिक, ध्वनिमुद्रण अमुक तारखेचं, तानपुरा अमुक अ‍ॅपचा, एवढंच. पुढच्या वेळी खरे तानपुरे घे आणि ते वेगळ्या माइकवर मुद्रित कर. हा प्रश्नच राहत नाही, आणि गाण्यालाही तेच शोभतं.

साथीदारांशी एका पानाचा करार कर: मानधन किती, पुढच्या कमाईत वाटा आहे की नाही, नाव कसं छापायचं, सही, तारीख. तोंडी ठरलेलं वर्षभरात दोघांना वेगवेगळं आठवतं. कुणी कंपनी तुझ्यापुढे करार ठेवील तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द शोध. हक्क सोपवणं लेखीच असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते शब्द आवर्जून घातलेले असतात. आयोजकांचंही तसंच. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या आगेमागे गावात पुष्कळ बैठका होतात आणि प्रत्येक ठिकाणी कॅमेरा असतो. गाण्याचं ध्वनिमुद्रण करू द्यायचं की नाही हा 2012 च्या दुरुस्तीनंतर कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे. मंचावर चढण्याआधी विचार: ठेवणार कुठे, टाकणार कुठे, प्रत मला मिळणार का?

श्रोत्यांनी मोबाइलवर घेतलेल्या मुद्रणाच्या मागे लागू नकोस. जुन्या रसिकांनी बैठकींतून असंच टेप केलं म्हणून कितीतरी गाणं वाचलं. पण पूर्ण बैठक कुणी स्वतःच्या चॅनेलवर चढवून जाहिरातीचे पैसे घेत असेल तर सोडू नकोस. पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेव, आधी एक नम्र निरोप पाठव, चार दिवसांत उत्तर नाही आलं तर यूट्यूबचा काढून टाकण्याचा फॉर्म भर. तो फुकट आहे. टेलिग्रामवरच्या चोरीसाठीही तसाच अर्ज करता येतो, फक्त गाणं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवर येतं. त्यात रियाजाचा वेळ घालवू नकोस.

‘दहा हजार ऐकणी अमुक रुपयांत’ असे निरोप येतील. ती ऐकणी यंत्रं करतात. सेवा ते ओळखतात, वितरकाला दंड लावतात, आणि वितरक तुझं गाणं काढून टाकतो.

वितरक निवडताना त्याला तीन गोष्टी विचार. वर्षाची फी भरली नाही तर गाणं उतरवता का? सोडून जायचं असेल तर किती दिवसांची सूचना? आणि ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक, आयएसआरसी, माझ्याबरोबर येईल का? हा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक ध्वनिमुद्रणाला जन्मभरासाठी चिकटतो. दुसरीकडे जाताना तोच दिलास तर आधीची ऐकणी टिकतात, नवा घेतलास तर शून्यापासून सुरुवात. 2024 मध्ये विंक हे गाण्याचं अ‍ॅप बंद झालं, त्याआधी रेसो. सेवा येतील-जातील, म्हणून मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेव, त्यातली एक घराबाहेर. वितरक अमेरिकेतला असेल तर डब्ल्यू-8बेन हा तिथल्या कराचा फॉर्म पॅन क्रमांकासह भर. न भरल्यास तिथल्या कमाईतले 30 टक्के कापतात, भरल्यास दोन देशांतल्या करविषयक करारानुसार 15.

स्वतः बंदिशी बांधायला लागलीस की आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो आणि प्रत्येक रचना तिथे नोंदव. आणि बंदिशीत मुद्रा ठेव.

प्रकाशनाची तारीख आजपासून चार आठवडे पुढची धर. गाणं त्यांच्या प्लेलिस्टमध्ये घ्यावं अशी शिफारस स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी पोचावी लागते. मुखपृष्ठ 3000 बाय 3000 पिक्सेलचं, चौरस, त्यावर फोन नंबर नको. पत्रासोबत एक कोरा तक्ता ठेवलाय, त्यातले सगळे रकाने भरून आण, मग दोघं मिळून चढवू. तबलजींच्या नावाचं स्पेलिंग मात्र मनानं लिहू नकोस, त्यांनाच विचार.