साखर सोडली, तरी वजन का हलेना?

"मॅडम, साखर तर मी कधीच सोडली. घरात येतं ते शुगर फ्री, नाहीतर लो कॅलरी. तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही. आता अजून काय बंद करू?"

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि ही तक्रार माझ्याकडे सतत येते. बायका करतात, पुरुष करतात, नुकते नोकरीला लागलेले तरुणही करतात. म्हणून यातलीच एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

या बाईंचं वय ४६. काम दिवसभर खुर्चीत बसून करायचं. तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं सरासरी माप, ६.१ टक्के आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी औषध सुरू केलं नव्हतं. खाणं सुधारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, एवढंच सांगितलं होतं. बाईंनी ते अगदी मनावर घेतलं. प्रामाणिकपणे, स्वतःला जाच करून घेऊन त्या पथ्य पाळत होत्या. त्यामुळेच फरक पडेना तेव्हा जास्त खचल्या. "माझ्यातच निग्रह कमी आहे," हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात त्या दोनदा बोलल्या.

पहिल्या भेटीत मी आहाराचा तक्ता देत नाही. आधी काही दिवसांची नोंद मागते. किती वाजता खाल्लं, काय, किती, आणि खाण्याआधी भूक किती होती ते शून्य ते दहाच्या मापात. कॅलरी लिहायच्या नाहीत. आकडे लिहायला लागलं की माणूस खाणं लपवतो, निदान कमी तरी सांगतो.

त्यांची वही बोलकी होती. दुपारी १ वाजता: काकडी-टोमॅटोचं सॅलड, भूक ७. संध्याकाळी ५.३०: शुगर फ्री बिस्किटं ८, भूक ९. ६.१५: 'नो ॲडेड शुगर' बार १, भूक ६. रात्री १०.४५: मनुका, मूठभर. इथे भुकेच्या रकान्यात आकडाच नव्हता. त्याऐवजी बारीक अक्षरात 'चुकले' असं लिहिलेलं होतं. ते पान मी बराच वेळ बघत राहिले. उत्तर त्या पानातच होतं, फक्त त्यांना सगळा दोष स्वतःचाच दिसत होता.

सकाळपासून सुरुवात केली. उठल्यावर लिंबूपाण्यात दोन चमचे मध. न्याहारीला टोस्टबरोबर साखर न घातलेला संत्र्याचा रस, मोठा ग्लासभर. साधारण ३०० मिलीलिटर तरी असेल. आता मधाच्या दोन लहान चमच्यांत ११-१२ ग्रॅम साखर असते आणि एवढ्या रसात २५ ते ३०. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी शिफारस केली, तिच्यात मध, सिरप आणि फळांचे रस हे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवले आहेत. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने ही साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमलं तर २५ ग्रॅमपर्यंत खाली आणावी, असं ती शिफारस सांगते. बाईंची न्याहारी संपेपर्यंतच ४० ग्रॅमच्या आसपास मजल गेलेली असायची. साखरेच्या डब्याला मात्र हात लागलेला नसायचा.

"पण मध नैसर्गिक ना, मॅडम?"

नैसर्गिक आहेच. पण शरीराला त्यातून मिळतं ते मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच, आणि साखर पचल्यावरही हेच दोन हाती येतात.

मग बिस्किटांचा पुडा घेतला. पुढच्या भेटीला रिकामी पाकिटं घेऊन या, असं मी सगळ्यांनाच सांगते. पुढच्या बाजूला 'शुगर फ्री' मोठ्या अक्षरात होतं आणि ते खोटं नव्हतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर तसं छापता येतं. पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं मी त्यांनाच वाचायला लावली. १०० ग्रॅमला ४६० कॅलरी. घटकांच्या यादीत पहिला मैदा, दुसरं वनस्पती तेल, तिसरं माल्टिटॉल. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणजे जे जास्त ते आधी. साखर गेली, पण मैदा आणि तेल जिथल्या तिथे राहिलं. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी असतात, तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९. साखरेऐवजी घातलेल्या माल्टिटॉलमध्येही दोनाच्या वर असतात. एक बिस्किट ८ ग्रॅमचं, आठ बिस्किटं म्हणजे जवळजवळ ३०० कॅलरी. वर तो बार आणखी १६० चा. एकूण साडेचारशेच्या पुढे, आणि बिस्किटांनंतर पाऊण तासातच पुन्हा भूक ६.

'लो कॅलरी' असा दावा करायलाही नियम आहे. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ४० कॅलरींपेक्षा जास्त असता कामा नये. या हिशेबात बिस्किट कधीच बसणार नाही, काकडी मात्र सहज बसते. 'लाइट' लिहिलेलं असेल तर ते कशाच्या तुलनेत लाइट, एवढंच विचारायचं. मूळ पदार्थच तळलेला असेल, तर त्याहून कमी म्हणजे तरी किती कमी? माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. पाकिटाची पुढची बाजू सोडा, मागचा '१०० ग्रॅमला' हा रकाना बघा. 'एका सर्व्हिंगला' हा रकाना फसवा असतो, कारण सर्व्हिंग किती मोठं धरायचं ते बनवणारा ठरवतो. या पुड्यावर ते तीन बिस्किटांचं होतं.

हे सगळं ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता हेही बंद?"

मला तिथेच थांबायचं होतं, कारण खरा प्रश्न बिस्किटांचा नव्हता. तो दुपारच्या सॅलडचा होता. काकडी, टोमॅटो आणि वरून लिंबू, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी, आणि प्रथिनं नावापुरती. भूक ७ असताना एवढंच खाऊन जो माणूस संध्याकाळपर्यंत काम करतो, तो साडेपाचला आठ बिस्किटं खाणारच. यात निग्रहाचा काहीही संबंध नाही. दुपारी वाचवलेल्या कॅलरी संध्याकाळी व्याजासकट वसूल होत होत्या. म्हणून पहिला बदल जेवणात केला. सॅलड ठेवलं, पण त्यात वाटीभर उकडलेलं कडधान्य किंवा दोन अंडी, बाजूला साधं दही आणि थोडं धान्याचं काही. त्या घाबरल्या. वाढवायला सांगणारी आहारतज्ज्ञ त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

संध्याकाळसाठी मी एक अख्खं सफरचंद आणि १०-१२ बदाम सुचवले. यावर त्या चटकन म्हणाल्या, "सफरचंदात साखर असते. मी फळं सोडलीत."

असते तर. मध्यम सफरचंदात १८ ग्रॅमच्या आसपास, जवळपास त्यांच्या बारइतकीच, कारण वरून साखर घातली नाही तरी बारच्या घटकांची स्वतःची असतेच. पण सफरचंदाचा ८५ टक्के भाग पाणी असतो, चारेक ग्रॅम चोथा असतो आणि ते चावून खावं लागतं. १९७७ साली 'लान्सेट'मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. १० निरोगी माणसांना अख्खी सफरचंदं, त्यांचा गर आणि चोथा काढलेला रस, असं तिन्ही रूपांत सारख्याच कर्बोदकांचं खाणं दिलं. रस अख्ख्या सफरचंदांच्या ११ पट वेगाने पोटात गेला आणि पोट भरल्याची भावना मात्र त्याने सगळ्यात कमी दिली. फळ तेच, फक्त त्याची रचना मोडली होती. म्हणून त्या रसाचा ग्लास बंद केला आणि संत्रं सुरू केलं. फळांची भीती घालून लोकांना रस आणि बारकडे ढकललं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मनुकांसाठी वजनकाटा काढला. एका वाटीत १०० कॅलरींची द्राक्षं ठेवली, दुसरीत १०० कॅलरींच्या मनुका. द्राक्षं साधारण १४५ ग्रॅम भरली, वाटी शिगोशीग. मनुका ३३ ग्रॅम, तळ जेमतेम झाकला. रात्री खाल्लेली मूठ त्यांनी आठवून तोलून दाखवली, ती ५० ग्रॅमच्या वर गेली. सुकामेवा वाईट नाही, पण तो मोजून वाटीत काढायचा, पिशवीत हात घालायचा नाही. साधी पॉपकॉर्न, तेल-लोण्याशिवाय फुलवलेली, याच्या अगदी उलट. मोठी वाटीभरून घेतली तरी शंभराच्या आत.

दोन आठवड्यांनी वहीत संध्याकाळची भूक ९ वरून ५ वर आली होती. 'चुकले' हा शब्द एकदाच होता, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण मीटिंगमुळे राहिलं होतं, हेही त्यांनीच शोधून लिहिलं होतं. रात्रीच्या मनुका हळूहळू सुटल्या, त्या मी बंद करायला सांगितल्याच नव्हत्या. तीन महिन्यांनी वजन ३ किलोने उतरलं आणि एचबीएवनसी ५.८ झालं. या आकड्यात अंदाजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळे दर आठवड्याला तपासणी करून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नसतो. मध्ये एका वाढदिवसाला केकही खाल्ला होता. वहीत नुसतं 'केक, १ तुकडा, भूक ३, छान होता' असं लिहिलं होतं.

शेवटी त्यांनी कॉफीतल्या गोडव्याच्या गोळ्यांबद्दल विचारलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोळ्यांवर विसंबू नये, असं सुचवलं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी ती सूचना नाही. यांना मधुमेह झालेला नव्हता. दोन गोळ्यांची एक करा, मग अर्धी, मग बिनगोडाची सवय होते का बघा, असं सांगितलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे वाचून स्वतःच्या मनाने जेवणाच्या वेळा बदलू नका किंवा मधलं खाणं तोडू नका. रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) च्या खाली गेली तर ते धोक्याचं असतं, आणि त्या क्षणी लागते ती खरी साखर, शुगर फ्री काही कामाला येत नाही. आधी डॉक्टरांशी बोला, औषधाचं प्रमाण बघून घ्या, आणि मग वही उघडा.