‘समर्थन’ नव्हे, कैवार

म्हापशाच्या एका वाचक भगिनी एका आंतरराष्ट्रीय बालकल्याण संस्थेच्या ‘अ‍ॅडव्होकसी अँड कम्युनिकेशन्स’ विभागात काम करतात. अ‍ॅडव्होकसी म्हणजे मुलांची बाजू सरकारपुढे आणि समाजापुढे लावून धरण्याचे काम. संस्थेच्या मराठी पत्रकांत या विभागाचे नाव ‘समर्थन व दळणवळण विभाग’ असे छापले जाते. ते बरोबर आहे का, आणि नसल्यास ‘वकिली’, ‘पैरवी’ व ‘पाठपुरावा’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

ते बरोबर नाही. ‘समर्थन’ हा शब्द या अर्थाने इतक्या पत्रकांतून आणि अहवालांतून समोर येऊ लागला आहे की त्याविषयी आता स्पष्ट लिहिणे भाग आहे. मराठीत समर्थन होते ते मताचे, निर्णयाचे, उमेदवाराचे किंवा कृत्याचे. ‘बालविवाहविषयक समर्थन मोहीम’ असे छापले की पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा कोणताही मराठी वाचक त्याचा एकच अर्थ लावील, तो म्हणजे ही मंडळी बालविवाहाच्या बाजूची आहेत. जो शब्द संस्थेच्या हेतूच्या नेमका उलट अर्थ वाचकाच्या मनात उभा करतो, तो कोशातून कितीही सहज सापडला तरी टाकून दिला पाहिजे.

‘पाठपुरावा’ हा चांगला शब्द आहे, पण तो या कामाचा एक भाग आहे. सचिवालयात दिलेल्या निवेदनाचे पुढे काय झाले हे पाहणे म्हणजे पाठपुरावा. निवेदन देण्याची बुद्धी होणे त्याच्या आधीचे. ‘पैरवी’ची गोष्ट तशीच आहे. फारसीत ‘पै’ म्हणजे पाय आणि ‘रव’ म्हणजे जाणारा. म्हणून पैरवी म्हणजे पावलावर पाऊल टाकत मागे जाणे. हिंदीने तिला कचेरीत नेले, खटला चालवणे हा अर्थ दिला, आणि हिंदी पट्ट्यातल्या संस्थांच्या कागदपत्रांबरोबर ती आपल्याकडे आली. गोव्यातल्या वाचकाला तिची ओळख करून द्यावी लागते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

‘वकिली’चा विचार मात्र नीट करायला हवा, कारण इंग्रजी शब्दाच्या ती सर्वांत जवळ आहे. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘आद्वोकातुस’ आहे, म्हणजे साहाय्यासाठी बोलावून घेतलेला. त्यातला ‘वोक’ आणि संस्कृतातला ‘वच्’ धातू हे एकाच मुळातून आलेले आहेत. आपली ‘वाचा’ही तीच. याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज रूप ‘आदव्होगादु’, आणि पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात कोर्टातल्या वकिलाला याच नावाने ओळखत. अरबी ‘वकील’ वेगळ्या वाटेने येतो. त्याच्या मुळाशी विश्वासाने सोपवणे आहे; ज्याच्यावर काम सोपवले, तो वकील. मराठेशाहीत परक्या दरबारी राहणारा प्रतिनिधी वकीलच असे, आणि १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेले ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पदही याच अर्थाचे होते. एक बोलावलेला आणि दुसरा नेमलेला, म्हणजे दोघांनाही आधी कोणीतरी अधिकार द्यावा लागतो. लहान मूल कोणाला बोलावत नाही आणि कोणाच्या वकीलपत्रावर सही करत नाही. न बोलावता, न नेमता दुसऱ्याची बाजू आपली मानून उभे राहण्याला मराठीत शब्द आहे आणि तो घरोघरी चालतो. तो शब्द म्हणजे कैवार.

‘कैवार’ची व्युत्पत्ती हा माझ्या विशेष प्रेमाचा विषय आहे. ‘ऐ’कार दिसला की संस्कृत तद्धित, म्हणजे नामाला प्रत्यय लागून झालेला शब्द, शोधायचा, या सवयीने कोणी याला ‘केवल’शी जोडू पाहील, पण केवल म्हणजे एकटा, आणि कैवार तर एकट्याला सोबत देण्याचे नाव आहे. त्या दिशेने जाणाऱ्यांनी अर्थाकडे पाठ फिरवलेली असते. हा शब्द कन्नडाच्या अंगणातला आहे. कन्नडात ‘कै’ म्हणजे हात. ‘कैबरह’ म्हणजे हस्ताक्षर, ‘कैगारिके’ म्हणजे उद्योग. आपल्या कारवारच्या शेजाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही, आणि ज्या भूमीवर कदंबांनी राज्य केले आणि कन्नड शिलालेख मागे ठेवले, तिथे या शब्दाला परका म्हणण्याचे कारण नाही. (प्रत्येक ‘कै’ मात्र हात नव्हे, कैची तुर्कीतून आलेली आहे.)

कन्नड ‘कैवार’चे दोन अर्थ आहेत. एक स्तुती, आणि दुसरा वर्तुळ काढण्याचे भूमितीतले साधन, ज्याला आपण कंपास म्हणतो. अभ्यासक पहिल्या अर्थावरून मराठीकडे येतील: भाटाने राजाची स्तुती केली, म्हणजे तो राजाच्या पक्षाचा झाला, आणि मग पक्ष घेणे म्हणजे कैवार. ही वाट मी नाकारत नाही, पण माझे मन दुसऱ्या अर्थावर बसले आहे. एक टोक घट्ट रोवायचे आणि दुसऱ्याने भोवती रिंगण घालायचे, ही कैवार घेण्याचीच रीत आहे. अंगणात धाकट्यावर थोरला धावून येतो तेव्हा आजी जागची हलत नाही, पण तिचा हात धाकट्याभोवती पडतो. लॅटिनने या कामासाठी वाणी निवडली, फारसीने पाय निवडला, आणि कन्नड-मराठीने हात. मुलांच्या बाबतीत हाताची निवड मला सर्वांत खरी वाटते.

या क्षेत्रातल्या काही जाणत्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘दीनांचा कैवारी’ हे शब्द वास्कोच्या दामोदर सप्ताहापासून गावोगावच्या भजनांपर्यंत कानांवर पडत असल्यामुळे कैवार म्हटले की मूल दीन ठरते आणि संस्था देवाच्या जागी बसते, असे ते म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा हक्क दिला आहे, हेही ते सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण दोष ‘दीनांचा’ या विशेषणाचा आहे. ‘तू नेहमी त्याचाच कैवार घेतेस’ ही तक्रार घराघरांत ऐकू येते, आणि तिथला ‘तो’ दीन नसतो. त्या तक्रारीत पक्षपाताचा जो आरोप आहे, तो या कामाने आनंदाने स्वीकारावा, कारण हे काम तटस्थपणे होत नाही.

ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांचे उदाहरण घ्यावे. पहिले महायुद्ध संपल्यावरही शत्रुदेशांची नाकेबंदी चालू होती आणि ऑस्ट्रियातली मुले उपाशी मरत होती. १९१९ मध्ये त्या मुलांच्या छायाचित्रांची पत्रके लंडनच्या ट्राफल्गार चौकात वाटल्याबद्दल जेब यांना अटक झाली. न्यायालयात त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली, दोषी ठरल्या, आणि पाच पौंडांचा दंड झाला. तेवढी रक्कम सरकारी वकिलाने स्वतःच्या खिशातून त्यांच्या हाती दिली. त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्था उभी राहिली, आणि जेब यांनी लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला. त्या सरकारी वकिलाने न्यायालयात जे केले ती वकिली, आणि पाच पौंड देऊन जे केले तो कैवार. हा भेद मला याहून नेमका दाखवता येणार नाही.

आपल्याकडचा २००३ चा गोवा बाल कायदाही याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. हॉटेलच्या आवारातल्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याने मालक व व्यवस्थापकावर टाकली, आणि छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला मुलांची अश्लील चित्रे आढळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले. मुलाने तक्रार करण्याची वाट न पाहता भोवतीच्या माणसांनी त्याची बाजू घ्यावी, हे इथे कायद्याने सांगितले आहे.

‘दळणवळण’विषयी थोडक्यात. हा शब्द आता रस्ते, पूल, बसगाड्या आणि फेरीबोटींचा झाला आहे. मुलांच्या संस्थेने तो वापरू नये. ‘जनसंपर्क’ म्हणजे संस्थेने आपले नाव राखणे, तेही आपले काम नव्हे. विद्यापीठांतला ‘संज्ञापन’ अभ्यासक्रमापुरता ठीक आहे. ‘संवाद’ घ्यावा, कारण त्यात ऐकणेही येते, आणि बाराव्या कलमाला हवे ते हेच.

तेव्हा भगिनींनी विभागाचे नाव ‘बालहक्क कैवार व संवाद विभाग’ असे करून घ्यावे. पत्रकातल्या वाक्यांत ‘संस्था मुलांचा कैवार घेते’ असे क्रियापद वापरावे, ‘कैवार करते’ असे लिहू नये. मोहिमेच्या नावात मात्र विषय आणि कैवार शेजारी आणू नयेत. ‘बालविवाह कैवार मोहीम’ म्हटल्यास ‘समर्थन’चाच घोटाळा पुन्हा होईल. तिथे सरळ ‘बालविवाहविरोधी मोहीम’ लिहावे.